पाटी तीन फुटांची

एस्तेरबाई पाथरे म्हणाल्या, टर्की काढ.
मी टर्की पाहिली नव्हती.
तोवर मेनरोडवर मी
गूळ रंगवला होता, छत्र्या, तीन उमेदवार
आणि एका दंतवैद्याची कवळी, जी लोक थांबून बघत.

त्यांनी मला लॅम रोडला नेलं, सॅनिटोरियमच्या मागे.
पत्र्याच्या शेडमध्ये पाच पक्षी,
अंगाने पिंपाएवढे, मान भाजल्यासारखी,
चोचीवरून काहीतरी लोंबतंय,
शिंप्याकडे उरलेल्या चिंधीसारखं.
तेवढ्यात कॅम्पात तोफ वाजली
आणि पाचही जणांनी एकदम उत्तर दिलं:
गळगळगळगळ.
"रोजचंच आहे," बाई म्हणाल्या,
"लष्करी वळण."

खानसाम्याची विधवा. मेसचे टेबलक्लॉथ धुवायच्या.
साहेबाची बदली झाली तेव्हा
चार महिन्यांचे पैसे थकलेले.
त्याने पैशांऐवजी पक्षी दिले,
शेकहँड केला
आणि जबलपूरची गाडी धरली.

"नाव काय लिहू?"
"मेजर."
"का?"
"तेवढीच वसुली."

पाटी तीन फुटांची. मी शेपटाकडून सुरुवात केली,
कारण पिसारा मला समजला होता.
तो उघडत गेला, उघडत गेला,
आणि मान काढायची वेळ आली तेव्हा
फळी संपली.
मग मी मान मागे वळवली.
पक्षी स्वतःच्याच पिसाऱ्याकडे बघू लागला,
कुणी हाक मारल्यासारखा.
बाईंनी बघितलं. बराच वेळ.
"असू दे. मागून येणाऱ्यावर लक्ष हवंच."
सात रुपये दिले आणि सहा अंडी.

नाताळला शरणपूरचे लोक येत, पारशी येत,
कॅम्पातून जीप येई.
बाकी वर्षभर अंडीच:
भुशात रचलेली, थोरल्या शमुवेलच्या कॅरियरवर,
नाशिकरोडला प्रेसच्या क्वार्टर्समध्ये दारोदार.
काही घरं मागच्या दाराने घेत,
"पोराला डॉक्टरने सांगितलंय" म्हणत,
आणि टरफलं फडक्यात बांधून
दुसऱ्या दिवशी त्यालाच परत देत.

एका उन्हाळ्यात मानमोडी आली.
नऊशे कोंबड्या, तीन दिवस, चुन्याचा खड्डा.
टर्क्याही गेल्या.
बाईंनी पाटी उतरवून भिंतीला लावली,
तोंड भिंतीकडे.
संध्याकाळी तोफ वाजली.
उत्तर आलं नाही.
मी तिथे होतो, कशाला गेलो होतो ते आठवत नाही.
आठ महिन्यांनी पाटी परत चढली;
मी फक्त डोळा पुन्हा रंगवला.

मग टेम्पो, मग तीन टेम्पो, अंबडला कोल्ड स्टोरेज.
बाई गेल्या, तेव्हा मेसमधून फुलं आली.
बर्ड फ्लूच्या साली कुणी उकडलेलंही खाईना,
तेव्हा शमुवेलने नाक्यावर टेबल मांडून
सगळ्यांदेखत अख्खी तंगडी खाल्ली
आणि त्याला रडू फुटलं.
लोक म्हणाले, तिखट लागलं.
त्याच्या मार्थाने पुढे सगळं पुण्याच्या कंपनीला विकलं.
मी तिला दोष देत नाही.
व्याजाची तोफ सुट्टी घेत नाही.

परवा नातवाने पाकीट आणलं.
मेजर. टर्की सलामी, दोनशे ग्रॅम.
पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय:
आमच्या संस्थापकांनी दूरदृष्टीने
परंपरेकडे वळून पाहणारा पक्षी निवडला.
साहेबाबद्दल नाही. टेबलक्लॉथबद्दल नाही.
मेजर म्हणजे मोठा दर्जा, असंही आहे.

पिसं आता मोजून बसवलीत,
रंग पाच; मी दोनात भागवलं होतं.
चिंधी योग्य बाजूला आली आहे.
पण मान तशीच.
चौकोनात जागा भरपूर,
पुढे दोन बोटं कोरी,
तरी मान तशीच.

मी तिथे नख ठेवून नातवाला म्हणालो,
बघ, इथे फळी संपली होती.
तो म्हणाला, कुठे?