मातीचं वजन

नेपाळगंजच्या गोदामात
मी काटा धरतो. बावीस वर्षं झाली.
डोंगरातून पोती उतरतात
शतावरीच्या मुळांची.
तिकडे तिला कुरिलो म्हणतात.

सल्यानची दिलसरी बुढामगर
मुळं मुद्दाम धूत नाही.
किलोमागे शंभर ग्रॅम ओली माती,
तिला ठाऊक, मला ठाऊक,
शेठला नाही.
आम्ही दोघं काट्याकडे बघत राहतो
देवाकडे बघावं तसं.

एकदा म्हणाली,
"मूळ तुमच्या वैद्यांना. बाळंतिणीला दूध येतं ना त्यानं?
आम्ही खातो कोंब. चैतात.
मेथीची फोडणी, दोन बटाटे.
पण मूळ उपटलं की कोंब कुठला?
म्हणून गड्डा परत पुरते, डोळा वर ठेवून.
ठेकेदाराला सांगू नको."

नाही सांगितलं.

वजन झालं की पोती झटकतो,
थोडं सल्यान खाली सांडतं.
झाडून मागच्या भिंतीशी लोटतो.

यंदा ती आली नाही.
कुणी पोरगा आला तिचं पोतं घेऊन.
मुळं लख्ख धुतलेली,
वजन चोख.
मी काही विचारलं नाही,
शंभर ग्रॅम जास्तच लिहिले.

परवा भिंतीशी कोंब दिसला एक,
जांभळट, शेंड्याला वाकलेला,
वर्गात उत्तर येत नसूनही
बोट वर करणाऱ्या पोरासारखा.

एवढ्यात एका माणसाचीही भाजी होत नाही.
तरी मेथी आणून ठेवलीय,
फोडणीपुरती,
काट्याखाली, कागदाच्या पुडीत.