चौथी बाजू

खेडच्या पुढे, भामा नदी वळते तिथे,
सोनखिंडीत उतरलो तेव्हा अकरा वाजले होते.
टेप, ओळंबा, दोन पेन्सिली
आणि खात्याचं पत्र, ज्यात देवळाचं नावच चुकलेलं.

खडकेश्वर.
चुन्याशिवाय बसवलेला दगडावर दगड,
सातशे वर्षं नुसत्या वजनावर उभा.
सांधा किती घट्ट ते बघायला मी पोस्टकार्ड सरकवलं.
अर्ध्यात अडलं.
(हल्ली पोस्टकार्ड कुठलं! वहीत सापडलेलं, आईचं,
"पोचल्याचं कळव" एवढंच लिहिलेलं.)

खाली काळा पाषाण, वर विटांचं शिखर.
खालचं यादवांच्या वेळचं, वरचं पेशवाईतलं,
मधली हातभर पट्टी कुणाची, कुणालाच ठाऊक नाही.
गाभाऱ्याला न्हाणीघराच्या फरश्या,
दर चौथीवर निळं फूल,
कोपऱ्यात "सौजन्य" आणि एका माजी सरपंचाचं नाव.
मी वहीत लिहिलं: विद्रूप.
मग खोडलं, कारण ती फरशी रोज पुसणारी बाई
ओलं पोतेरं घेऊन समोरच उभी होती.

अनुसया गुरवीण.
"वाका," म्हणाली.
उंबरा उंच, चौकट ठेंगणी.
इथून ताठ मानेनं कुणी आत गेलेलं नाही,
इनामदार नाही, फौजदार नाही.
मी वाकलो, तरी कपाळ लागलंच.

मंडपात बारा खांब.
अकरा पुरे: चौकोन, मग अष्टकोन, मग गोल,
माथ्यावर नागफण्या, आणि त्यावर
छत पेलणारे यक्ष, गाल फुगवून,
ओझं नाही, हसू दाबत असल्यासारखे.
बारावा, नैर्ऋत्येचा, तीनच बाजूंनी कोरलेला.
चौथीवर टाकीचे ठोके तेवढे, तिरपे,
आडव्या पावसासारखे.

मी कारणं मांडायला बसलो:
स्वारी आली. दुष्काळ पडला. पैसा आटला,
पाथरवट बिऱ्हाड उचलून पुढच्या गावी गेला.
प्रत्येक कारणापुढे प्रश्नचिन्ह.
"ऱ्हायली न्हाय वो," अनुसयाबाई म्हणाली,
"ठिवलीया."

तिनं बॅटरी मारली.
कोळशाच्या रेघा, तेल पिऊन पक्क्या झालेल्या,
गुरवांच्या चार घरांची पाळी,
महिना, घर, महिना, घर,
त्याआधीच्या खिळ्यानं ओरखडलेल्या,
आणि सगळ्यांच्या आधीचं एकच मोडी अक्षर,
मी "बा" वाचलं, "वा"ही असेल.
एका घराच्या खुणेवर आडवी काट.
"पटकीत ग्येलं त्ये घर. समदं."
"मग त्यांची पाळी?"
"आमी करतो की. त्यांच्याच नावानं."

सगळ्यात खालची रेघ खडूची, नवनाथची.
तो चाकणला गाड्यांची दारं बसवतो, रात्रपाळीला.
आपल्या महिन्यात पहाटे कंपनीच्या बसनं
फाट्यावर उतरतो,
बूट बाहेर काढून, गणवेशातच पिंडीवर पाणी घालतो,
बेल वाहतो, घंटा एकदाच वाजवतो,
आणि मग मंडपात बसल्या बसल्या झोपतो,
ह्याच खांबाला टेकून, ह्याच बाजूला.
बाकीच्या टोचतात.

मी टेप लावला.
तेलकट डाग, जमिनीपासून दोन फूट सात इंच,
रुंदी एका पाठीएवढी.
त्याच्या मध्यभागी दगड जरासा खोल गेलेला,
नखानं कळेल इतकाच,
आणि एवढं झिजायला एकटा नवनाथ पुरणार नाही.

नमुन्यात एक रकाना होता: अपूर्ण काम, असल्यास तपशील.
पेन्सिल बराच वेळ तिथंच राहिली.
अनुसयाबाईनं चहा आणला, बिनदुधाचा,
म्हणाली, घ्या, निवल.

फाट्यावर बसची वाट बघताना आठवलं,
आईचं कार्ड सांध्यातच राहिलं.
बस आली.
मी चढलो.