तीनशे फूट लांब

अमळनेरहून जनरेटरची गाडी मीच नेली होती,
बोरीच्या काठी, मे महिन्यात.
पहिल्याच सकाळी हुकूम आला:
तीनशे फूट लांब लावा,
साहेबांना धडधड चालत नाही.

म्हणून श्रीरंग कारखानीस मी पाहिला
तो सगळा मुका.
हात उडायचे. टोपी जमिनीवर आपटायची.
एकदा थर्मास हवेत गेला
आणि आवाज न करता फुटला
काळ्या मातीवर.

बाकीचं संध्याकाळी कळायचं, डिझेल भरताना.
भिंत सहा वेळा सारवून घेतली म्हणे,
शेणाचा रंग खोटा निघाला.
पुण्याच्या नटाला म्हणाला,
तू भाकरी खात नाहीस, भाकरीचा सत्कार करतोस.
हसलो आम्ही. सगळेच हसलो.
मग उद्या ज्याची पाळी
तो आधी गप्प झाला.

असिस्टंट पोरगी, तेजल, रात्रीच्या पॅसेंजरने गेली,
पायात चप्पल नाही.
धुडकू तिला स्टेशनवर सोडून आला आणि म्हणाला,
माणूस मोठा आहे रे.
मोठा म्हणजे केवढा
ते त्यालाही सांगता येईना.

भिला मिस्तरी साहेबाची बाजू घ्यायचा:
वेल्डिंग करताना मीपण शिव्या देतो.
पण भिला शिव्या
लोखंडाला देतो.

नवव्या दिवशी मांडे.
सुपडाबाई गावातलीच, लग्नाकार्यात मांडे करणारी.
दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत मोठा करायचा
आणि पालथ्या खापरावर सोडायचा.
शेहेचाळीस अंश. खाली चूल.
वरून माझ्या विजेवरचे दोन दिवे.
मी बोटांवर मोजत होतो: चौदा, पंधरा,
पुढे मोजलं नाही.
दर वेळी कारखानीस मान हलवायचा,
दर वेळी ती नवा मांडा हातावर घ्यायची.
मला तिची पाठ दिसत होती फक्त.
एकदा तिने हात पदरात गुंडाळून धरला.

मी स्विचकडे बघितलं.
एक बोट. तेवढंच लागलं असतं.
भाड्याचे अर्धे पैसे यायचे होते.

मग ती वळली, त्याच्याकडे बघून काहीतरी बोलली.
तो हलायचा थांबला,
टोपी हातातच.
जरा वेळाने खाली बसला, चुलीपाशी, धुळीत,
आणि मला खूण आली:
बंद.

दोन वर्षांनी पिच्चर जळगावला लागला,
बक्षिसं घेऊन.
मी, धुडकू, भिला एका रांगेत.
सुपडाबाईला जावयाने आणलेलं, नवीन लुगड्यात.
चूल आली. खापर आलं.
मांडा तिच्या हातांवरून सरकत गेला
चंद्रासारखा म्हणणार नाही,
मांड्यासारखाच.
आणि तोंड वळवून, थेट आमच्याकडे बघत, तिने विचारलं:
"भाऊ, सकायपासून तू जेवना का?"

थेटरात कोणी खाकरलंसुद्धा नाही.
तीनशे फुटांवरचं वाक्य
मला त्या दिवशी ऐकू आलं.

म्हणजे ती विचारत होती तेव्हा
कॅमेरा चालूच होता.
धुडकू म्हणतो, साहेब खाली बसून रडला.
भिला म्हणतो, रडतो कसला, फ्रेम बघायला वाकला.
मी दोघांना हो म्हणतो.
आणि खरं सांगू, माझ्याही घशात आलं होतं,
त्याच जागी, जिथे त्याला हवं होतं तिथे.
माझी तक्रार असली तर तीच आहे.

तिच्या मनगटाच्या वर एक लाल पट्टा
पडद्यावर अर्धा सेकंद दिसतो.
बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी
मी तिचा हात बघितला. पट्टा आता पांढरा.
म्हटलं, मावशी, कसा वाटला पिच्चर?

तिने गिलास खाली ठेवला.
"मांडा जाडा व्हयना," म्हणाली.
"आठवा बरा व्हता."