नांगी

मुलुंडला, अकराव्या मजल्यावर,
स्वयंपाकघराच्या ग्रिलला आग्या मोहोळ लागलं,
त्याच आठवड्यात माझं तिसरं केमो.
लिफ्टमध्ये सेक्रेटरी गडांची नोटीस:
शनिवारी पेस्ट कंट्रोल. खिडक्या बंद ठेवाव्यात.
मी म्हटलं, थांबा जरा.
गडा माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघत राहिले.
आजाराचा एवढा एक फायदा,
तो मी पार्किंगसाठीसुद्धा वापरते.

सातव्या मजल्यावरची शर्वाणी परळला संशोधन करते.
तुमच्या ह्या आग्या नव्हेत, म्हणाली, पेटीतल्या पाळीव.
काचेवर तारा ताणतात, तारांत इवलासा करंट,
माशी चिडते, काचेला डसते.
काचेत नांगी रुतत नाही, म्हणून माशी जगते.
वाळलेलं विष ब्लेडनं खरवडून घेतात.
ते गाठीच्या पेशींवर टाकलं
की पेशींच्या भिंतींना भोकं पडतात. तासाभरात.

माझा चेहरा बघून तिनं घाईनं जोडलं,
"काकू, हे बशीत. बशीत पुष्कळ गोष्टी मरतात."
बरोबर आहे. बशी म्हणजे बाई नव्हे.
बशीला यकृत नसतं,
बशीचा मुलगा रोज रात्री फोनवर
"जेवलीस का" एवढंच विचारत नाही.

तरी मळमळ उठली की मी ओट्यापाशी येऊन बसते.
बाहेर काळसर पडदा, मधूनच त्याच्या अंगावरून
एक लाट सरकत जाते.
विष मला नवं नाही. सलाईनमधलं लाल, ते विषच.
पलीकडच्या खाटेवर सकवारबाईंना देतात ते सदाफुलीचं,
डालड्याच्या डब्यात लावतो तीच,
जिला शेळीही तोंड लावत नाही.

नांगी टाकली, म्हणतो आपण, म्हणजे हरला.
म्हणणाऱ्यानं विंचू पाहिला असेल. माशी नाही.
माशी नांगी टाकते दुसऱ्याच्या अंगात,
पोटाचा तुकडा तोडून,
आणि ती पडल्यावरही
तुटकी पिशवी एकटीच धडधडते, विष ढकलत.
डावीकडचं माझं त्यांनी बरणीत घालून नेलं.
ते किती वेळ धडधडलं, कोणी सांगितलं नाही.

शनिवारी इरफान आला, पाठीवर पंप.
चहा घेता घेता बराच वेळ ग्रिलकडे बघत होता.
"बहर सरला की जातील आपोआप," म्हणाला,
आणि बिलावर काम झाल्याची सही मागितली.
मी केली.

काच लावलेलीच असते.
कधीमधी एखादी येऊन आपटते, टक्,
आणि नॅशनल पार्काच्या दिशेनं उडून जाते.