हैबती नालबंद

माझा अंगठा पिवळा आहे.
बावीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळद तोलतोय,
साबण थकला, रंग नाही.
वाचनालयात पुस्तक परत द्यायला गेलो की आवटीबाई
पानं चाळत म्हणायच्या,
‘मगदूम, नव्वदला डुलकी लागली वाटतं,
इथं ठसा चांगलाच रुतलाय.’

‘वाघजाईची चौकी’, खंड पाच.
एकेक खंड तीनतीनदा वाचला,
तिसरा सोडून.

तिसरा घरात होता तेव्हा कृष्णा आली.
आयर्विनच्या पट्टीवरचे आकडे गिळत
गावभागात, आमच्या गल्लीत, फळीवर.
आठव्या दिवशी परतलो
तर आंबलेल्या पिठासारखं फुगलेलं पुस्तक
दोनशे अकरापर्यंत उघडत होतं.
पुढं वीट.

दोनशे अकरावर हैबती नालबंद
पहाटे घोडीचा खूर मांडीवर घेऊन बसलाय,
ओठांत तीन खिळे,
चौथा ठोकतोय,
आणि खिंडीकडून टापा येतात.
कुणाच्या, ते विटेत.

आवटीबाईंनी शिक्का मारला: बाद.
मी किंमत भरली आणि वीट घरी आणली.
दुसरी प्रत सहज मिळाली असती.
चौथ्या खंडात हैबतीची भट्टी आहे, तो नाही.
गेला असेल कुठं कामाला, असं धरून चाललो.
नालबंदाला काय, घोडी सगळीकडं असतात.

मग मालिका आली. रोज साडेआठ.
दस्तगीर मुलाणी आणि मी
सकाळी पोती उसवायच्या आधी पंचनामा करायचो.
किल्लेदारीणबाईच्या तोंडावर
आमच्या पेढीत नसेल एवढा रंग.
पुस्तकात दीड ओळीची दासी
इथं तीन भाग रडली.
आणि हैबतीची नखं स्वच्छ!
हातोडा धरतो कसा, तर माइक धरल्यासारखा.
‘वाचलेल्यांनी बघूच नये,’ दस्तगीर म्हणायचा,
आणि साडेआठला त्याचा फोन बंद.

मालिका तिसऱ्या खंडाशी पोचली
तसा तो माझ्याकडं बघेना.
त्यानं सगळं वाचलेलं.
‘सांगू का?’
‘नको.’
‘रुमालाखाली सांगतो,’ म्हणाला,
जुन्या सौद्यासारखं, बोटं दाबून,
भाव जसा दोघांनाच कळायचा.
मी हात खिशात घातला.

शुक्रवारी पडद्यावर पहाट झाली.
घोडी, मांडी, खूर.
ओठांत तीन खिळे, एवढं तरी बरोबर.
चौथा.
टापा.
विमल आतून ओरडली, आवाज कमी करा.
केला नाही.

जाहिरात.
जाहिरात.
मग अर्धा नाल ठोकलेल्या त्या घोडीवरच
हैबतीनं उडी टाकली आणि निघून गेला,
ढोल, धूळ, भलामोठा सूर्य.
अशी घोडी पन्नास पावलांत लंगडेल,
हे मला कळत होतं.
मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानं.

सकाळी दस्तगीर पेटलेला.
‘वाट लावली लेकाच्यांनी! असं न्हाई पुस्तकात!
लोकांना आवडतो म्हणून ठेवला व्हय?
हितंच तर समदं...’
आणि थांबला.

काय बोलून गेलो ते त्याला कळलं.
मला कळलं, तेही.
काट्यावर पोतं तसंच.
‘किती?’ मी विचारलं.
‘बावन्न,’ म्हणाला.
पोतं अठ्ठेचाळीस भरत होतं.

रात्री वीट काढली.
वाफेवर धरली तर पानं सुटतात,
आवटीबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं.
चहाचं पातेलं ठेवलंय गॅसवर, नुसत्या पाण्याचं.
विमल विचारते, आता या वेळेला?
दोनशे अकराच्या कडेवर माझा अंगठा.
आत एक माणूस इतकी वर्षं
ओठांत खिळे धरून बसलाय.
त्याला बोलायचं तर
आधी ते काढावे लागतील.