बहुवर्ग शाळा, ऐरोली

नंबियार म्हणतात, एका वेळी एकच शिकवा बाई,
आठवडाभर फक्त बस. ते पक्कं झालं की मग पुढचं.
त्यांचा लॅब्रॅडॉर तसाच शिकलाय,
लिफ्टमध्येसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.

मी हो म्हणते.
बत्तीस वर्षं मोखाड्यात हेच केलं,
साहेब तपासणीला आले की हो म्हणायचं,
जीप वळणाआड गेली की
खडूनं फळ्याचे चार तुकडे पाडायचे:
पहिलीला काना, दुसरीला बेचा पाढा,
तिसरीला भागाकार, चौथीला नद्या.
एक खोली, एक बाई, सदतीस पोरं,
आणि आडोशाला शिरलेल्या शेळ्या वेगळ्या.

तर ही खारी.
दिव्याच्या कोळीवाड्याकडून मागे मागे आली,
रंग खारी बिस्किटाचा, वास सुकटीचा,
वय अंदाजे दोन, जन्मदाखला नाही.
दाखल करून घेतली.

पहाटे साडेपाचला खाडीकडच्या मैदानात
विजेच्या मोठ्या तारांखाली शाळा भरते.
प्रार्थना तारा म्हणतात, एकाच सुरात.
मग चारही वर्ग एकदम:
बस. थांब. सोड. पंजा दे.

घोळ होतोच.
बस म्हटलं की तोंडातली चप्पल टाकते,
सोड म्हटलं की पंजा देते,
थांब म्हटलं की कान उडवत धावत येते, इतक्या आनंदानं
की या शब्दाचा अर्थ मलाच एकदा तपासावासा वाटतो.

परवा स्टॉपवर कुणीतरी ओरडलं, अरे बस आली, बस!
आणि ही धुळीत टेकली, पाठ ताठ,
ड्रायव्हरकडे बघत, मारीच्या तुकड्याची वाट पाहत.
अख्खी रांग हसली.
मीही हसले, तुकडा दिला.
उत्तर बरोबर होतं.
प्रश्न तिला नव्हता, एवढंच.

घरी येऊन चहा टाकला
आणि दूध उतू जाईपर्यंत तिथंच उभी राहिले.

रूपजी भोये. पहिली. खिडकीशी.
चौथीला विचारलं होतं मी, वैतरणा कुठं उगम पावते?
चौथी छताची कौलं मोजत बसली
आणि हा उठला, नाक बाहीला पुसत:
त्र्यंबकच्या डोंगरात. माझ्या मामाच्या गावाच्या वर.
मी म्हटलं, तुला विचारलं का?
तुझा वर्ग नाही हा. बस.
बसला.
दिवाळीपर्यंत क ला काना देत राहिला,
पाटीभर नुसतं का, का, का.
मग घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेला, भिवंडीकडं.
हजेरीत मी 'स्थलांतरित' लिहिलं,
लाल शाईनं, वळणदार अक्षरात.

आता गुडघे वाजतात.
उठताना गुडघ्यावर हात टेकून मी स्वतःलाच म्हणते, चला बाई.
हे खारीला शिकवलेलं नाही.
हे कुठल्याच वर्गाचं नाही.

काल बाकावर बसून राहिले.
उजाडून गेलं. खाडीतले फ्लेमिंगो उठून
वाशीच्या बाजूला गेले, गुलाबी, ओळ मोडत.
मारी संपलेली. मैदानात क्रिकेटवाले स्टंप ठोकायला लागले.
ही समोर आली
आणि जिथं मी हात टेकते, त्याच गुडघ्यावर
पंजा ठेवून उभी राहिली.
कुणी विचारलं नव्हतं.

तोंडात आलं होतं माझ्या: बस.
आलंच होतं.

सोड, म्हटलं मी,
आणि उठले.