चारास तीन

कुताइसीतल्या त्या इमारतीची लिफ्ट नाणं घातल्याशिवाय हलत नाही,
आणि घातलं तरी तिसऱ्यावर थांबून विचार करते.
उरलेले दोन जिने मी चढलो,
खिशात पेनड्राइव्ह, काखेत जुनी केबल
आणि पोटात शाळेतला तोच गोळा.

त्सिआला बाई आम्हाला भूमिती शिकवायच्या.
फळ्यावर हातानंच वर्तुळ काढायच्या,
खांद्यातून एक झोका, की खडू
निघाला होता तिथेच परत टेकायचा.
मधल्या सुट्टीत आम्ही दोऱ्यानं मोजलं होतं,
चूक सापडावी म्हणून.

फोनवर म्हणाल्या, "माल्खाझ,
दारावर क्लिक करते तर भिंत उघडते.
पोत्याला हात लावावा तर कुत्रं भुंकतं.
आणि चाक तू येऊनच बघ. मी मोजलंय:
बारा सेंटिमीटर रुंद, नऊ उंच. चारास तीन.
इतकं नेमकं कुणी सहज चुकत नाही."

खेळ जुना, पाणचक्कीचा.
मका दळायचा, पोती गावात पोचवायची,
पूर आला की फळ्या टाकायच्या.
नातोनं बारीहून रुंद पडदा पाठवला,
तिथे ती कुणा एका म्हाताऱ्याला अंघोळ घालते, भरवते.
त्या पडद्यानं हे चौकोनी गाव
दोन्ही कान धरून ओढलं होतं.
गिरणीवाला ढेरपोट्या, घोडा डुकरासारखा,
नदीवर उगवलेलं अंडं म्हणजे चंद्र.

मी आकडे बदलले. पडदा काळा झाला.
"सिग्नल मर्यादेबाहेर", एवढीच पाटी तरंगत राहिली.
"मोडलंस?" मागून आवाज.
नाही बाई.
खेळाच्या पोटातली फाइल नोटपॅडमध्ये उघडली,
रुंदी लिहिली, उंची लिहिली.
खेळानं सुरू होताच दोन्ही खोडून आपलीच लिहिली.
(बाकावरचा शेवटचा मुलगा असाच असायचा. मीच तो.)
मग फाइलला कुलूप घातलं.
मग ग्राफिक्स कार्डाला सांगितलं, ताणू नकोस, प्रमाण राख.
मग सापडलं:
डोळ्यांना दिसावीत म्हणून कुणीतरी अक्षरं
सव्वापट मोठी करून ठेवलेली.
ते खेळाला कुणी कळवलंच नव्हतं.
म्हणून बाण एकीकडे आणि बोट दुसरीकडे.

चाक गोल झालं.
बाई बोलल्या नाहीत. ड्रॉवरमधून पट्टी काढून
काचेवर आडवी धरली, मग उभी.
चंद्रालाही लावली.

पडद्यावर प्रश्न: हे बदल ठेवायचे का?
पंधरा. चौदा.
"हो" वर क्लिक करा, बाई.
त्यांनी केलं. काही झालं नाही.
परत केलं. नऊ. आठ.
मी बघितलं तर बाण "हो" च्या दोन बोटं डावीकडे,
हवेत, ठाम.
सहा महिने त्या तसाच नेम धरत होत्या,
चूक जिथे असेल तिथून दोन बोटं अलीकडे,
आणि हात आता तेच बरोबर समजत होता.
तीन. दोन.
चाक पुन्हा अंडं झालं.

"परत कर," म्हणाल्या.
दुसऱ्या खेपेला डाव्या हातानं उजवं मनगट धरलं त्यांनी,
पहिलीतल्या पोराचं धरावं तसं,
आणि नेलं नेमक्या जागी.

अक्रोडाच्या मुरंब्याची बरणी दिली, पैसे वेगळे.
दारात विचारलं, "त्या बाजूच्या दोन काळ्या पट्ट्या?
तिथे काय असतं?"
काही नाही. खेळाला तेवढंच जग माहीत आहे.
"जागा रिकामीच आहे म्हणजे."

पुढच्या आठवड्यात केबल आणायला गेलो.
डाव्या काळ्या पट्टीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, बारीक अक्षरात:
रक्तदाबाची गोळी. गॅसचं बिल.
आणि सगळ्यांत वर, पेन्सिलनं:
नातो. गुरुवारी सुट्टी. तिचं घड्याळ दोन तास मागे.
उजवी पट्टी मोकळी होती.
मधे चक्की फिरत होती.